पाटावरचा लॅपटॉप

धाकट्याने पाठवलेला तो फोटो मी अजून ठेवला आहे. त्यात माझं तोंड उघडं आहे, एक डोळा मिटलेला आहे आणि हातातली पेन्सिल हवेतच थांबली आहे. रविवारच्या तासाला मी जोडाक्षर समजावून सांगत होते आणि मध्येच माझं चित्र गोठलं. फोटोखाली त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजी परत अडकली’. वाक्य मराठी होतं म्हणून मी रागावले नाही.

माझं चित्र गोठायचं ते तुम्ही दोघांनी पाहिलं आहे, पण त्या वेळी इकडे माझ्या टेबलावर काय चाललेलं असायचं ते तुम्हाला माहीत नाही. उन्हाळ्यात जे घडलं ते तुमच्या बाबाने तुम्हाला त्याच्या बाजूने सांगितलं असणार. म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते आहे.

आपला तास माझ्याकडे रविवारी सकाळी आठला सुरू होतो. तुमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. मी आदल्या दिवशी धड्याचं पान तयार करते, अवघड शब्दांखाली रेघा मारते आणि तासाला ते पान आणि तुमचे चेहरे शेजारीशेजारी उघडते. तेवढंच काम. पण दहा मिनिटं झाली की लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा. तळहाताखालचा भाग तापायचा. हवा लागावी म्हणून मी खाली दोन वाट्या पालथ्या घालून पाहिल्या, टेबल कूलरसमोर ओढून पाहिलं. मग तुमचे चेहरे थांबायचे, आवाज तुटायचा आणि थोरली कुठेतरी लांबून म्हणायची, “आजी, आम्ही वाचू का थांबू?”

एप्रिलमध्ये तुमच्या बाबाचा फोन आला.

“आई, मुलं कंटाळतात गं. अर्धा तास तू दिसतच नाहीस.”

“ऐकू येते ना?”

“तेही धड नाही. हे बघ, शनिवारी संध्याकाळी पोहण्याच्या वर्गात दोन जागा आहेत. महिनाअखेर नावं द्यायची आहेत. तुझा तास आपण... बघू.”

आपल्या घरात ‘बघू’ याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. हा अर्थ मीच त्याला लहानपणी शिकवला आहे, सायकल मागायचा तेव्हा.

“आणि मराठीसाठी एक ॲप आहे,” तो म्हणाला. “छान रंगीत आहे. त्यात हत्ती बोलतो.”

“हत्तीला जोडाक्षरं येतात का?”

“आई, प्लीज. मी नवा लॅपटॉप पाठवतो. सगळं बसवून पाठवतो. तू फक्त झाकण उघडायचंस. बाकी मी इथून बघेन.”

नवा लॅपटॉप का नको, असं सगळ्यांनीच मला विचारलं. कारण त्याच्या शेवटच्या वाक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने असाच सगळं बसवून एक फोन पाठवला होता. तो घेऊन मी मैत्रिणींबरोबर एरंडोलजवळच्या पद्मालयाला गेले. प्रदक्षिणा संपायच्या आत फोन वाजला. “आई, तू एरंडोलला काय करतेस?” मी म्हटलं, “गणपतीला विचारते आहे, माझा मुलगा असा का झाला.” त्याला माझी काळजी वाटते, हे मला कळतं. पण मी सगळा जन्म कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, आणि माझ्या वर्गात खिडकीतून कुणी डोकावलेलं मला तेव्हाही खपलं नाही. हा लॅपटॉप मी निवृत्त झाले त्या वर्षी स्वतः दुकानात उभं राहून, प्रश्न विचारून घेतला. त्यात माझी पत्रं आहेत, माझ्या टिपणवह्या आहेत, तुमचे धडे आहेत. त्याचा पासवर्ड जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि ती व्यवस्था मला बदलायची नव्हती.

मी आणि माझा लॅपटॉप दोघंही जुने, म्हणून मला त्याचा कळवळा, असं एक-दोघांनी गोड आवाजात म्हणून पाहिलं. तसं काही नाही. त्याचे भाग बदलता येतात. माझा गुडघा बदलायचा तर डॉक्टर आधी साखर बघतात.

म्हणजे प्रश्न सरळ होता. महिनाअखेरच्या आत हे यंत्र तासभर न थांबता चाललं तर रविवार माझा. नाही चाललं तर रविवार पोहण्याचा आणि मराठी हत्तीची.

मला जे येतं तिथून मी सुरुवात केली. मला वाचता येतं. लॅपटॉपच्या खाली त्याचा क्रमांक छापलेला असतो. त्यावरून मी इंटरनेटवर त्याचं दुरुस्तीचं पुस्तक शोधलं. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी कंपनी जे तयार करते, ते. शंभरावर पानं, सगळी इंग्रजीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती छापून घेतली, स्पायरल लावून घेतली आणि चार दिवसांत पेन्सिल हातात धरून सगळी वाचली. इंग्रजी शिकल्याचा इतका सरळ उपयोग मला आयुष्यात क्वचितच झाला आहे.

त्यातून तीन गोष्टी कळल्या. लॅपटॉपमध्ये सगळी आकडेमोड करणारा जो बिस्किटापेक्षा लहान चौकोनी तुकडा असतो, तो प्रोसेसर. माझं मॉडेल सहा वेगवेगळे प्रोसेसर घालून विकलं जात होतं आणि माझ्या नशिबी त्यातला सगळ्यात खालचा आला होता. आणि तिसरी, महत्त्वाची गोष्ट: हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर कायमचा सोल्डर केलेला असतो, पण माझ्या लॅपटॉपमधला एका खाचेत नुसता बसवलेला होता. एक स्क्रू अर्धा फिरवला की तो सुटतो. यादीतला सगळ्यात वरचा प्रोसेसर मी घेणार नव्हते. तो जास्त तापतो असं पुस्तकातच लिहिलं होतं, आणि जळगावच्या मे महिन्यात तापायला आणखी एक वस्तू घरात आणण्याचं काही कारण नव्हतं. वरून दुसरा मात्र जुन्याइतकाच तापणारा आणि कितीतरी वेगवान होता. त्याचा क्रमांक मी वहीत लिहिला आणि दुकान गाठलं.

दुकानदार चाळिशीचा, चांगला माणूस. त्याने लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला आणि हसला.

“मॅडम, हा आता म्युझियमला द्या.”

“याचा प्रोसेसर बदलायचा आहे.”

“लॅपटॉपचा प्रोसेसर बदलत नसतात, मॅडम. डेस्कटॉपचा बदलतात.”

मी पुस्तक काउंटरवर ठेवलं. “पान एकाहत्तर.”

“बापरे. एवढं कोण वाचतं?”

“मी.”

त्याने ओठ हलवत अर्धं पान वाचलं. “हां, या जुन्या मॉडेलमध्ये निघत असेल. पण असं कोणी करत नाही.”

“‘करत नाही’ आणि ‘होत नाही’ यांत फरक आहे. तो मी मुलांना अख्खा तास शिकवायचे.”

त्याला शाळा आठवली असावी. तो निमूट मागे गेला आणि मांडणीवरच्या बंद पडलेल्या लॅपटॉपच्या ढिगातून माझ्याच जातीचा, पडदा फुटलेला एक घेऊन आला. उघडला. आत मला हवा तोच क्रमांक होता. त्याने माझ्यासमोर तो तुकडा काढला आणि मी एकेक पायरी बघून घेतली. तुकड्याच्या पोटाला शेकडो बारीक पिना होत्या, सुईच्या टोकासारख्या.

“बसवून मात्र मी देणार नाही,” तो म्हणाला. “उद्या बंद पडला तर तुम्ही मला बोलाल.”

“बोलेन.”

“म्हणूनच.”

बसवायचं काम मी स्वतःच केलं असतं. पण गेल्या दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. फार नाही. चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होतो, एवढंच. तुमच्या बाबाला मी हे सांगितलेलं नाही. आता तुमच्याकडून कळेल. त्या पिनांतली एक जरी वाकली तरी काम संपलं, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. म्हणून मी धुळ्याला, माझ्या माहेरी, माझ्या धाकट्या भावाकडे गेले. तुम्ही त्यांना मामाआजोबा म्हणता. त्याची सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये झाली. त्याचा हात दगडासारखा स्थिर आहे, पण जवळचं दिसत नाही. माझी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. मला मुंगीचे पाय दिसतात. एका शुक्रवारी सकाळी मी बसमध्ये बसले. लॅपटॉप पिशवीत, मांडीवर. प्रोसेसर दुकानदाराने दिलेल्या करड्या चकचकीत पिशवीत, ती चष्म्याच्या केसमध्ये, आणि केस मुठीत.

आम्हा बहीणभावाची बोलायची एक पद्धत आहे. तो अहिराणीत बोलतो, मी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. फार चिडले तरच माझ्या तोंडून अहिराणी निघते.

दारातच तो म्हणाला, “अक्का, इतल्या उन्हामा हाई काय लई उनी?”

“लॅपटॉप. याचा प्रोसेसर बदलायचा आहे.”

“कोन बदली?”

“तू.”

“मी? मी बसना गिअरबॉक्स बदलेल शे, अक्का.”

“मग हे सोपं जाईल. लहान आहे.”

जेवणं झाल्यावर जेवणाच्या टेबलावर त्याने पांढरं धुतलेलं फडकं अंथरलं. वर्कशॉपची रीत अशी की जो स्क्रू आधी निघाला तो डावीकडे आणि मग क्रमाने रांग. लावताना उजवीकडून उचलत यायचं. माझी रीत अशी की कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढायचं आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावायचा. यावर आमचं पाऊण तास भांडण झालं. शेवटी माझं चित्र त्याच्या फडक्यावर अंथरलं. दोघांनाही वाटलं की आपण जिंकलो.

बॅटरी काढली, तळाचं झाकण निघालं, पंख्याचे स्क्रू निघाले. पंखा उचलला आणि तो थांबला. डोकं मागे नेऊन डोळे बारीक करून पाहिलं.

“अक्का, हाई काय शे?”

पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पट्ट्यांची एक जाळी असते. तिच्यातून गरम हवा बाहेर जाते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर गोधडीचा तुकडा चिकटवावा तसा जाड थर होता. करडा, मधूनमधून पांढरा, आणि त्यात पिवळे आणि लाल पट्टे. त्याने चिमट्याने तो अख्खा थर काढला, तळहातावर घेतला, बोटाने चुरून वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कुंकू?”

मी चित्रावरचा एक स्क्रू उगाच सरळ केला.

“तू लॅपटॉपनी पूजा करस?”

“दसऱ्याला करते. सगळेच अवजारांची करतात.”

“चालू करीसन?”

आता हे नीट सांगायला हवं, कारण तुमचा बाबा याच जागी हसायला लागतो आणि पुढचं सांगत नाही. माझ्या सासरी, पूर्वेला केळी-कापसाच्या पट्ट्यात, दसऱ्याला विळे, कुदळी, पेरणीची पांभर सगळं अंगणात मांडून पुजायचे. विहिरीवरची मोटर अंगणात आणता येत नाही, म्हणून सासरे ताट घेऊन विहिरीवर जायचे. आधी मोटर सुरू करायचे, पाणी पाटात पडायला लागलं की मग तिला हळदकुंकू लावायचे. बंद मोटरला लावलेलं कुंकू त्यांना पटत नसे. ‘झोपलेल्याचं काय औक्षण करता’ म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते बघत होते. माझं अवजार लॅपटॉप. मी दर दसऱ्याला पाटावर रांगोळी काढली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, लॅपटॉप पाटावर ठेवला, सुरू केला आणि त्याला अक्षता वाहिल्या. मोटर हवा खालून ओढत नाही. लॅपटॉप ओढतो. त्याचं तोंड पोटाशी असतं. बारा दसरे मी त्याला पाटावरची रांगोळी पाजत होते, आणि उरलेलं वर्षभर आमच्या घरामागच्या जिनिंग मिलमधून उडणारा कापसाचा बारीक भुगा त्या थरावर बसत होता.

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी घेऊन भावजय आली. तिने तळहातावरचा तो तुकडा पाहिला, झालेला प्रकार ऐकला आणि ती मात्र हसली नाही.

“इतलं कुंकू खाईसन बी चाली राहिना?” ती म्हणाली. “म्हनजे देवच शे तो.”

मी कंपनीला नावं ठेवली होती, तुमच्या घरच्या इंटरनेटला ठेवली होती, जळगावच्या उन्हाला ठेवली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईच्या खुणा केल्या आणि माझी चूक लाल पट्ट्यांसकट भावाच्या तळहातावर पडली होती. ती मी मान्य केली, तिथल्या तिथे, मोठ्याने. पण चूक नेमकी कोणती तेही सांगितलं. पूजा ही चूक नव्हती. चालू यंत्र रांगोळीवर ठेवणं ही चूक होती. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि ते एकत्र करायला मी कुणालाही परवानगी दिलेली नाही.

“चाला,” भाऊ डोळे पुसत म्हणाला. “इतलंच दुखनं व्हतं. साफ करी देस आनि झाकन लाई देस. तुना तो तुकडा ऱ्हाऊ दे.”

एका वेळी एकच बदल करायचा आणि मग तपासायचं, हा माझाही नियम आहे आणि वर्कशॉपचाही. म्हणून आम्ही जाळी ब्रशने साफ केली, सगळं लावलं आणि लॅपटॉप सुरू केला. भावजयीला फोन देऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि मी बाहेरून तिला तुमचा धडा शिकवायला लागले. पंखा शांत होता. हाताला चटका लागत नव्हता. मी मनात माझं यंत्र पुन्हा चांगलं म्हणायला लागले. पान उघडलं, त्यावर रेघ मारली, तिचा चेहरा शेजारी. बारा मिनिटं झाली आणि ती स्वयंपाकघरातून फोन धरून बाहेर आली. तिच्या फोनवर मी होते. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. तोच फोटो.

पूर्वी दहा मिनिटांत गोठत होते, आता बारा. दोष कुंकवाचा होता, पण सगळा कुंकवाचा नव्हता.

शनिवारी सकाळी भाऊ गंभीर झाला. त्याने रात्रभर विचार केला असावा. “अक्का, बारा मिनिटं चालस ना? मंग बंद करानं, परत चालू करानं. पिना वाकन्यात तं गयं. बारा मिनिटंबी जातीन.”

तो चुकीचं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे यंत्र टेबलावर मेलं असतं तर तास बारा मिनिटांचाही झाला नसता, आणि महिना त्याच आठवड्यात संपत होता. पण बारा मिनिटांचा तास म्हणजे तास नव्हे. ती आजीला दिलेली भेटीची वेळ. तुम्ही पडद्यावर यायचं, हात हलवायचे, ‘जेवलीस का’ विचारायचं आणि जायचं. मला तुम्हाला वाचायला शिकवायचं होतं.

“भाऊ,” मी म्हटलं, “आते थांबनं नही.”

त्याने भावजयीकडे पाहिलं. “उनी आपली भाषावर,” तो म्हणाला आणि फडकं अंथरायला लागला.

अंगातली वीज त्या तुकड्याला मारक असते, म्हणून आधी धातूला हात लावावा असं पुस्तकात होतं. भावाने त्याचं सोवळंच केलं. दोघांनी चपला काढायच्या, मोरीतल्या नळाला हात लावायचा आणि नंतर मध्ये कशालाही शिवायचं नाही. शेजारीण साखर मागायला आली तर तिला दारातच थांबवलं.

मग काम सुरू झालं. खाचेजवळचा स्क्रू अर्धा फिरवला. जुना प्रोसेसर सैल झाला. त्याने तो उचलून माझ्या चित्रावर ठेवला. नव्याच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो आणि खाचेवरही तसाच. दोन्ही एकावर एक आले पाहिजेत. त्याला त्रिकोण दिसत नव्हते. मी त्याच्या खांद्यावरून वाकले.

“डावीकडे. अजून थोडं. आता पुढे, केसभर. थांब. सोड.”

“सोडू?”

“सोड.”

त्याने बोटं उघडली. तुकडा स्वतःच्या वजनाने बसला. दाबायचा नाही, असंच लिहिलं होतं. स्क्रू पुन्हा अर्धा फिरवला. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारा राखाडी लेप लावायचा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. भाऊ दुकानातून आणलेली ट्यूब धरून म्हणाला, “कितला?” आदल्या दिवशीच्या त्या थरातून मी एक अक्षत वेगळी काढून ठेवली होती, हळदीने पिवळी झालेली. ती मी शेजारी ठेवली. त्याने तिच्याकडे बघून अगदी तेवढाच लेप काढला. बारा वर्षांत त्या पूजेतल्या एका वस्तूचा तरी लॅपटॉपला उपयोग झाला.

सगळं लावलं. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा एकदा फिरला आणि थांबला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

भावाने चष्मा काढून फडक्यावर ठेवला. दुपारचे चार वाजले होते. तुमचा बाबा रागावेल याची मला भीती नव्हती. तो रागावला नसता. तो मऊ आवाजात ‘असू दे, आई’ म्हणाला असता. त्या ‘असू दे’नंतर नवा लॅपटॉप आला असता, त्याच्यानंतर ‘एकटी कशाला राहतेस’ आलं असतं, आणि मला कशालाच नाही म्हणायला तोंड उरलं नसतं. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले, कारण उजवा थरथरत होता आणि भाऊ ते बघत होता.

मग मी पुस्तक उघडलं. दुसरं काय करणार? शेवटच्या भागात तक्ता होता: पडदा काळा राहिला तर पहिल्यांदा मेमरीच्या पट्ट्या तपासा. त्या पट्ट्या आम्ही त्याच सकाळी उरलेलं कुंकू झटकायला काढल्या होत्या, आणि परत मी बसवल्या होत्या. माझ्या हाताने, वाळत घातलेला पापड उचलावा तशा अलगद.

“भाऊ, ही दाब,” मी म्हटलं. “माझ्याकडून नीट बसली नाही.”

त्याने दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. खट. दुसरी दाबली. खट.

बटण दाबलं आणि पडदा उजळला. पासवर्डची चौकट आली. मी हात पुढे केला, तर भावाने कुणी न सांगता मान वळवली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसला. मी पासवर्ड घालून ‘झालं’ म्हणेपर्यंत त्याने मान परत फिरवली नाही. एवढीच माझी अपेक्षा आहे, सगळ्यांकडून.

दुसऱ्या दिवशीचा तास तुम्हाला आठवत असेल. मी धुळ्याच्या जेवणाच्या टेबलावरून घेतला. थोरलीने पूर्ण पान वाचलं, ‘उत्कृष्ट’ शब्दापाशी धडपडली आणि उठली. धाकटा तासभर वाट बघत होता. शेवटी हिरमुसून म्हणाला, “आजी, तू आज अडकतच नाहीस.” मग तुमचा बाबा पडद्यावर आला.

“आई, नवा घेतलास? सांगितलं का नाहीस?”

मी जुना प्रोसेसर कॅमेऱ्यासमोर धरला. “हा काढला. याच्या जागी दुसरा बसवला.”

“कोणी?”

“मामाने आणि मी.”

तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मला वाटलं, आता तो अडकला. “आई, शॉक बसला असता!”

“बॅटरी काढली होती. पान बासष्ट.”

“अगं, पण तुझं वय...”

“वयाबद्दल त्या पुस्तकात काही नाही. मी सगळं वाचलं आहे.”

मागून भाऊ ओरडला, “भाचा, तिले इचार आतमा काय निंघनं!” आणि त्याने कुंकवाची सगळी कथा सांगितली. तुमचा बाबा खूप हसला. हसू दिलं. त्याचं हसून झाल्यावर मी विचारलं, “शनिवारी संध्याकाळी मुलांना काय आहे?”

तो ‘बघू’ म्हणायला निघाला होता, मी ओठ पाहिले. मग म्हणाला, “तुझा तास आहे. पोहणं रविवारी सकाळी घालू.”

मी नव्या लॅपटॉपला तेव्हाच स्पष्ट नाही म्हटलं. फोनमधली ती ‘आई कुठे आहे’ दाखवणारी सोयही त्या आठवड्यात बंद केली. ती कशी बंद करायची तेही लिहिलेलं असतं, वाचलं तर.

दसरा झाला तो तुम्ही पाहिलाच. पाट मांडला, रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं. पाटावर विड्याच्या पानावर जुना प्रोसेसर ठेवला. तो बारा वर्षं राबला होता, त्याच्या वाट्याचं कुंकू मी कमी करणार नव्हते. लॅपटॉप टेबलावर होता, चार हात लांब, तुमच्या चेहऱ्यांसकट सुरू. बाबा पलीकडून म्हणाला, “आई, अजून लांब ठेव.” मी ठेवला नाही. चार हात पुरतात. अक्षता मात्र मी त्याच्या दिशेने नुसत्या दाखवल्या आणि पाटावर वाहिल्या.

आता अभ्यास. हे लिहिलेलं बाबाकडून वाचून घ्यायचं नाही. येत्या रविवारी थोरलीने माझा मजकूर वाचायचा आणि मामाआजोबांची वाक्यं धाकट्याने, त्यांच्यासारख्या मोठ्या आवाजात. मध्ये अडकलात तरी हरकत नाही. मी इथे बसलेली आहे, पूर्ण तास.